तेलाचा तांबडा दिवा

गाडीच्या मीटरमध्ये एक लहानसं चित्र असतं. लांब चोचीचं भांडं आणि चोचीच्या टोकाला एक थेंब. माझी मुलगी लहानपणी त्याला अल्लाउद्दीनचा चिराग म्हणायची. किल्ली फिरवली की हा दिवा तांबडा पेटतो आणि इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत विझतो. चालत्या गाडीत तो पुन्हा पेटला तर काय करायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

मी कविता करणारा माणूस, बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. यंत्रातलं मला कळतं असा माझा दावा नाही. पण या एका दिव्यापुरतं मी भरपूर फी भरून शिकलो आहे.

2004 च्या डिसेंबरात कऱ्हाडहून चिपळूणला कविसंमेलनासाठी निघालो होतो. गाडी लहान आणि जुनी, आत आम्ही तिघं कवी. कोयनानगरच्या पुढं एका खड्ड्यात गाडी आपटली, खालून दगडाचा खाडकन आवाज आला. कुंभार्ली घाट सुरू होता होता दिवा पेटला. मी थांबलो. बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा घातली, पाहिली. ऑइल अगदी वरच्या खुणेपर्यंत! ‘‘अहो, ऑइल भरपूर आहे, दिवाच बिघडलाय. चला की,’’ मागच्या सीटवरून निकाल आला. मला तो पटला, कारण मला तो पटवून घ्यायचाच होता. संमेलन चारला होतं. पुढं तीन-चार किलोमीटरवर इंजिनात टकटक सुरू झाली. टकटकीचे ठोके झाले तेव्हा कुठं मी गाडी बाजूला घेतली. बंद केलेलं इंजिन मग सुरू झालंच नाही.

गाडी ओढून चिपळूणच्या एका गॅरेजात नेली. तिथं एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. सगळं ऐकून ते म्हणाले, ‘‘बेटा, पट्टी सांगते ऑइल किती आहे ते. दिवा सांगतो ऑइल पोचतंय की नाही ते. तू दिव्याचं ऐकायला पाहिजे होतंस.’’

सोसायटीची खालची टाकी काठोकाठ भरलेली असते, पण मोटर चालत नसेल तर वरच्या मजल्यावरचे नळ कोरडेच. इंजिनाचं तसंच आहे. तळाशी ऑइलचं चेंबर. त्यातलं ऑइल पंप एका जाळीतून ओढतो आणि फिल्टरमधून गाळून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत दाबानं पोचवतो. चालत्या इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकत नाही. मध्ये केसाहूनही पातळ असा ऑइलचा थर असतो आणि सगळा भार तो थर पेलतो. दाब गेला की थर फाटतो, धातूवर धातू घासतो. बहुतेक साध्या गाड्यांत दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्ध्या किलोच्याही खाली गेल्यावरच हा दिवा लागतो. रस्त्यावर धावताना तोच दाब तीन-चार किलो असतो. म्हणजे दिवा पेटतो तेव्हा दाब जवळपास संपलेलाच असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे गाडी सुरक्षित कडेला घेऊन इंजिन बंद करणं. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ हा विचार सोडून द्या. आणि उतार आहे म्हणून इंजिन बंद ठेवून गाडी घरंगळवत नेऊ नका. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदतही जाते.

मग सपाट जागी, पाच-दहा मिनिटं थांबून, पट्टी पाहायची. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडीखाली वाका. चेंबरच्या बोल्टाजवळ ओल आहे का? नुकताच फिल्टर बदलला असेल तर तिथं नक्की पाहा. जुनं रबर इंजिनालाच चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर बसतो आणि ऑइल भसाभसा बाहेर पडतं. गळती नसेल तर ऑइल भरून इंजिन सुरू करा. दिवा विझला तर ठीक, नाही तर लगेच बंद.

पट्टीवर ऑइल पुरेसं असूनही दिवा लागत असेल तर संशय दोन. एक, दाब मोजणारा स्विच किंवा त्याची वायर. स्विचवरची वायर काढली आणि किल्ली चालू ठेवूनही दिवा विझत नसेल, तर वायर कुठंतरी घासून पत्र्याला लागलेली आहे. नव्या कॉम्प्युटरवाल्या गाड्यांत मात्र हा प्रयोग करू नका. स्विच खरा की खोटा हे ठरवायचं तर तो काढून त्या जागी प्रेशर गेज लावतात. दहा मिनिटांचं काम. पण कितीतरी गॅरेजांत ते न करताच स्विच बदलून देतात. गेजवर दाब नीट असेल तरच दोष स्विचचा. गेजही कमी दाखवत असेल, तर चेंबर उघडावं लागतं.

त्यात काय सापडेल ते वेगवेगळं. ऑइल वेळेवर न बदलल्यानं झालेल्या गाळात जाळी बुजलेली असते. काही नव्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो, त्याचे तुकडे अडकतात. कधी पंप झिजलेला असतो. आणि गरम इंजिन संथ चालताना दिवा मिणमिणत असेल, थोडी रेस दिली की विझत असेल, तर बहुधा बेअरिंग झिजलेली. तिथं जाड ऑइल टाकून दिवा विझवणारे मिस्त्री भेटतात. काही दिवस तो विझतोही. झीज आहे तिथंच राहते. वायर काढून ठेवणारेही असतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

माझ्या गाडीत चाचांना चेंबरचा तळ आत दबलेला दिसला. जाळी तळापासून जेमतेम बोटभर वर असते. पोचा आलेला पत्रा तिला जाऊन टेकला होता आणि पंपाला ऑइल ओढायला वाटच नव्हती. चेंबर उथळ झाल्यामुळं पट्टीवरचं ऑइल उलट थोडं चढलेलंच दिसत होतं! घाटाच्या तोंडाशी थांबलो होतो तिथंच इंजिन बंद ठेवलं असतं, तर पोचा काढून, जाळी बदलून भागलं असतं. आता क्रँक घासून घ्यावा लागला, बेअरिंग नवी घालावी लागली. बिल त्या वर्षीच्या माझ्या सगळ्या मानधनाहून मोठं होतं.

संमेलनाला आम्ही एसटीनं पोचलो, तोवर अध्यक्षीय भाषण चाललं होतं. गाडी अकरा दिवसांनी मिळाली. चाचांनी खाली लोखंडी चेंबर गार्ड बसवून दिला होता, त्याचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत.