विंडशील्डवर गोठलेली जखम

दिवस मावळताना उसाच्या फडांमधून किंवा नदीकाठच्या रस्त्यानं मोटरसायकल पळवली, की विंडशील्डवर आणि टाकीवर पिवळट, हिरवट, मधूनच लालसर ठिपके उमटतात. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या उडायला लागल्या तर विचारायलाच नको. घरी आल्यावर आपण फडकं घेतो, जोर लावून घासतो, तरी ठिपका जागचा हलत नाही. एवढ्याशा मऊ जिवाला इतकं घट्ट चिकटून राहायचं बळ येतं कुठून? उत्तर थक्क करणारं आहे. किडा क्षणात मरतो, पण त्याचं रक्त त्यानंतरही जखम भरायचं काम करत राहतं.

आधी तो क्षण पाहू. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 22 मीटर. एक सेंटिमीटर लांबीच्या किड्याचं डोकं विंडशील्डला टेकल्यापासून शेपूट टेकेपर्यंत सेकंदाचा अर्धा सहस्रांशसुद्धा जात नाही. सगळेच किडे मात्र आपटत नाहीत. पुढून येणारी हवा विंडशील्डला वळसा घालून वर चढते. अगदी हलकं चिलट त्या हवेबरोबर उचललं जातं आणि आपल्या डोक्यावरून सुखरूप निघून जातं. जड भुंग्याला तेवढ्यात दिशा बदलता येत नाही.

आता ठिपक्याचा रंग. आपलं रक्त लाल असतं ते प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमुळे. बहुतेक किड्यांच्या रक्ताला ते कामच नसतं. त्यांच्या अंगात बारीक श्वासनळ्यांचं जाळं असतं आणि हवा थेट पेशींपर्यंत पोचते. म्हणून त्यांचं रक्त बिनरंगी, पिवळसर किंवा हिरवट. मग लाल ठिपका कुठून आला? बहुधा नुकतंच कुणाचं तरी रक्त प्यायलेली डासाची मादी असते, नाहीतर माशीच्या डोळ्यांतलं रंगद्रव्य. ठिपक्यांवरून किडा ओळखायचा ध्यास घेतलेले मार्क हॉस्टेटलर नावाचे अमेरिकी अभ्यासक आहेत. त्यांनी 1997 साली या विषयावर चक्क पुस्तक लिहिलं. त्याच वर्षापासून डेन्मार्कमध्ये अँडर्स पापे म्योलर नावाचे अभ्यासक ठरावीक रस्त्यांवर गाडी चालवून काचेवर मेलेले किडे मोजू लागले. 2017 पर्यंत एका रस्त्यावरची संख्या 80 टक्क्यांनी घटली होती. ठिपके कमी झाले म्हणून खूश व्हावं अशी ही बातमी नाही.

किड्याचं रक्त रक्तवाहिन्यांच्या बंद जाळ्यातून फिरत नाही, ते अंगाच्या पोकळीत मोकळं असतं. त्यामुळे कवचाला लहानशी चीर पडली तरी सगळं रक्त वाहून जायची भीती. त्यावर या जिवांकडे जबरदस्त तोडगा आहे. रक्तात एक विकर झोपलेल्या अवस्थेत असतं, फेनॉलऑक्सिडेज. जखम होताच ते जागं होतं. त्यातून तयार होणारी क्विनोन नावाची रसायनं प्रथिनांचे रेणू एकमेकांना बांधतात आणि गडद मेलॅनिन तयार होतं. चिरलेलं वांगं काळं पडतं ते याच जातीच्या रसायनामुळे. कात टाकलेलं पांढरंफटक झुरळ काही तासांत तपकिरी आणि टणक होतं, तेही अशाच गाठी बसून. म्हणजे ज्या किमयेतून किड्याचं कवच घडतं, तिचीच सख्खी बहीण आपल्या टाकीवर काम करत असते.

यावरूनच कळतं, की डाग धुवायला वेळ दवडू नये. दुसरं कारण आम्लतेचं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबरच्या सुमारास, लव्हबग नावाच्या काळ्या माश्या थव्यांनी हायवेवर येतात. नर-मादी जोडलेल्या अवस्थेतच उडतात आणि गाड्यांवर आपटतात. ताज्या लव्हबगचा पीएच साधारण 6.5, म्हणजे जवळपास पाण्यासारखा. मेल्यावर एका दिवसात तो 4.25 पर्यंत उतरतो. आम्लता दीडशे पटींहून जास्त वाढली! उन्हात तापलेल्या रंगावर असा डाग दिवसेंदिवस राहिला तर तिथली चकाकी जाते ती जातेच.

डाग काढायचा कसा? प्रथिनांचं जाळं सुकून आवळलेलं असतं, त्याला फुगून सैल व्हायला पाणी आणि सवड लागते. गाडी सावलीत गार होऊ द्यावी. पाण्यात गाडी धुण्याचा थोडा शाम्पू घालून सुती फडकं भिजवावं आणि डागावर पसरून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवावं. मग मऊ मायक्रोफायबरनं हलकेच टिपून घ्यावं, भरपूर पाणी ओतावं. कोरडं घासणं सर्वांत वाईट, कारण कवचाचे तुकडे आणि रस्त्याची धूळ मिळून रंगावर ओरखडे काढतात. विंडशील्डला आपण काच म्हणतो, पण ते बहुधा पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिक असतं, काचेहून कितीतरी मऊ. फडक्यावर पेट्रोल घेऊन पुसायची सवय असेल तर ती आजच सोडावी. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रवही नकोत. पॉलिकार्बोनेटच्या रेणूंच्या साखळ्याच अमोनिया तोडतो आणि पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं उमटतं.

हा चिवटपणा विमानवाल्यांनाही छळतो. पंखावरून सरळ, शांत वाहणारी हवा किड्याच्या एवढ्याशा डागानं गढूळ होते आणि इंधन जास्त जळतं. म्हणून नासानं 2015 मध्ये बोइंग 757 च्या पंखावर निरनिराळे लेप लावले आणि लुईझियानातल्या श्रेव्हपोर्टहून, जिथे किडे मुबलक, 15 उड्डाणं केली. सर्वांत चांगल्या लेपावर किडे आणि त्यांचे अवशेष सुमारे 40 टक्क्यांनी कमी भरले. टाकीवर लावलेलं चांगलं वॅक्स हेच काम लहान प्रमाणावर करतं: डागाला थेट रंगाची पकड मिळत नाही, ओलं फडकं फिरवलं की तो सुटतो. लांबच्या प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी ते लावून ठेवावं. फक्त विंडशील्डवर रंगासाठीचं पॉलिश चोळू नये, त्यातल्या बारीक कणांनी प्लास्टिक धुरकट होतं.