'फाइन' म्हणजे छान की नुसतं ठीक?

(हा पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर आहे. बसमध्ये आवाज ऐकू येत नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला असेल तर ऐका.)

हेडफोन लावलेत ना? आज एकच इंग्रजी शब्द घेऊया. इतका साधा की त्याचा अर्थ कुणी डिक्शनरीत बघत नाही. मीही बघितला नव्हता, आणि तिथेच फसले.

माझी पहिली नोकरी होती. एका ॲपच्या स्क्रीनचं डिझाईन मी तीन रात्री जागून केलं होतं. परदेशातल्या क्लायंटबरोबर कॉल होता. त्यांनी माझं काम बघितलं आणि म्हणाले, "इट्स फाइन." मग माझ्या शेजारच्या मुलीबद्दल म्हणाले, "शी इज अ फाइन डिझायनर." मला वाटलं, दोघींचंही कौतुक झालं. घरी फोन करून आईला सांगूनही टाकलं, "साहेबांना खूप आवडलं!"

दोन आठवड्यांनी पुढच्या टप्प्याचं काम आलं. ते तिला मिळालं. मी टीम लीडला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, तुझं त्यांनी चालवून घेतलं होतं."

शब्द एकच होता. तिच्या वाट्याला आला तेव्हा 'उत्तम', माझ्या वाट्याला आला तेव्हा 'चालेल'. हे असं कसं होतं, तेच आज बघू.

आधी मूळ बघू

लॅटिनमध्ये 'फिनिस' म्हणजे शेवट, सीमा. यावरूनच फिनिश आणि फायनल आले. एखादं काम शेवटापर्यंत नेलं, पूर्ण घासूनपुसून केलं, की ते उत्तम होतं. म्हणून फाइन म्हणजे उत्तम, दर्जेदार. आणि घासत राहिलं की वस्तू काय होते? बारीक, तलम, शुद्ध. म्हणून हे अर्थही त्याच शब्दाला चिकटले.

ट्रॅफिक पोलीस घेतात तो फाइनसुद्धा याच घरातला, बरं का! तो नाम आहे, विशेषण नाही, पण मूळ तेच. पैसे भरून प्रकरणाचा शेवट करायचा, म्हणून तो फाइन.

'बारीक' वाला फाइन

हा अर्थ आपल्याला सोपा जातो, कारण मराठीतला 'बारीक' जवळपास तेच काम करतो. आपण बारीक रवा म्हणतो, बारीक अक्षर म्हणतो, बारीक लक्ष ठेव म्हणतो. तसंच इंग्रजीत फाइन सँड म्हणजे बारीक वाळू. फाइन प्रिंट म्हणजे कराराच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या अटी. कर्ज देणाऱ्या ॲपवर 'आय ॲग्री' दाबण्याआधी नेमकं तेच वाचायचं असतं.

फोनवर हवेची गुणवत्ता बघता तेव्हा पीएम २.५ असं दिसतं. त्या कणांना इंग्रजीत फाइन पार्टिकल्स म्हणतात. त्यांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहूनही कमी. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड धरला, तर हे कण त्याच्या जवळपास तिसाव्या भागाएवढे. इथे फाइन ऐकून 'वा, हवा छान आहे' असं समजू नका!

सोनाराकडे गेलात तर हॉलमार्कवर ९१६ असा आकडा दिसतो. म्हणजे १००० भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं, आपलं २२ कॅरेट. या शुद्धतेला इंग्रजीत 'फाइननेस' म्हणतात.

आणि क्रिकेटमधला फाइन लेग? खेळपट्टीच्या मधून जाणारी एक सरळ रेषा मनात काढा आणि ती बॅट्समनच्या मागे वाढवा. फील्डर त्या रेषेच्या जितका जवळ, तितका तो 'फाइन'. रेषेशी काटकोनात गेला की 'स्क्वेअर'. कॅप्टन 'थोडा फाइनर जा' म्हणाला, तर कोन बारीक कर असं तो सांगतोय.

रेसिपीच्या व्हिडिओतली एक गंमतही सांगते. 'फाइनली चॉप्ड ओनियन' म्हणजे बारीक चिरलेला कांदा. माझ्या भावाने ते 'फायनली' ऐकलं आणि कांदा सगळ्यात शेवटी चिरून वरून घातला. दोन्ही शब्द त्या 'फिनिस'चेच वंशज, त्यामुळे त्याला फार हसता आलं नाही.

आता खरी भानगड

बोलण्यातला फाइन. इथे मी एक युक्ती वापरते: शब्द कुठे बसलाय ते बघायचं.

नामाच्या आधी बसला तर बहुतेक वेळा कौतुक. 'अ फाइन डॉक्टर' म्हणजे निष्णात डॉक्टर. 'अ फाइन प्लेयर' म्हणजे उत्तम खेळाडू.

'इज'नंतर एकटाच बसला तर बहुतेक वेळा 'ठीक'. 'द डॉक्टर इज फाइन' म्हणजे डॉक्टरांची तब्येत बरी आहे. 'द प्लेयर इज फाइन' म्हणजे बॉल लागला होता, पण काही झालेलं नाही. तो कसा खेळतो याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

माझा कॉल आठवा. ती 'फाइन डिझायनर' होती. माझं डिझाईन 'वॉज फाइन'.

नियम शंभर टक्के नाही. 'द सँड इज फाइन' म्हणजे वाळू बारीकच. 'द वेदर इज फाइन' म्हणजे हवा छान, आकाश मोकळं. आणि कुणी वैतागून 'अ फाइन मेस' म्हणालं, तर फाइन नामाच्या आधी असूनही ते कौतुक नव्हे. ते आपलं 'छान दिवे लावलेस!' आहे.

या 'ठीक'वाल्या फाइनला मराठी जोडी शोधायची तर 'छान' नाही, 'बरं' घ्या. आपणही सिनेमा 'बरा होता' म्हणतो तेव्हा समोरचा तिकीट काढत नाही. 'बरं' खालच्या सुरात म्हटलं की होकार, आणि ओढून 'बरंऽऽ' म्हटलं की 'कर बाबा तुला हवं ते'. 'फाइन!' असं तोडून म्हटलेलं ऐकलंत तर तेच समजा.

म्हणूनच 'आय ॲम व्हेरी फाइन' कानाला खटकतं. 'पुरेसं ठीक' याला 'खूप' कसं लावणार? 'आय ॲम फाइन' पुरतं. जोर द्यायचाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली फाइन' म्हणा.

आणखी एक सापळा. कुणी 'कॉफी घेणार का?' विचारलं आणि तुम्ही 'आय ॲम फाइन' म्हणालात, तर कॉफी येणार नाही. त्याचा अर्थ 'नको, मला काही नको'. हवी असेल तर 'येस, प्लीज' म्हणा. 'दॅट्स फाइन' मात्र 'चालेल', आणि 'आय ॲम फाइन विथ दॅट' म्हणजे 'माझी हरकत नाही'. नाश्ता न करता ऑफिसला गेलेल्या दिवशी मी हे शिकले, त्यामुळे पक्कं लक्षात आहे.

आणि शेवटचा फाइन

हा सांगायला जरा जड जातो. शेवटच्या वर्षाला असताना माझ्या रूममेटला तीन कंपन्यांनी लागोपाठ नकार दिला होता. मी गावी गेले होते. तिथून मेसेज केला, "हाऊ आर यू?" तिचं उत्तर आलं, "आय ॲम फाइन." मी अंगठा पाठवला आणि फोन बाजूला ठेवला.

दोन दिवसांनी परतले तेव्हा खोलीत अंधार होता. डब्याची पिशवी दाराला तशीच लटकत होती. ती पांघरूण घेऊन पडली होती. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "जेवलीस का गं?" त्यावर तिला 'फाइन' म्हणता आलं नाही. ती रडायलाच लागली. मग बोलली, पोटभर बोलली, आणि रात्री आम्ही दोघी पोहे करून जेवलो.

तेव्हापासून मला वाटतं, 'हाऊ आर यू'ला 'फाइन' हे बऱ्याचदा उत्तर नसतंच. तो रिवाज असतो, आपल्या 'काय म्हणता?'ला 'मजेत' म्हणण्यासारखा. मुळात त्या शब्दाचा अर्थ शेवट, आणि तो तेच करतो, बोलणं संपवतो. खरंच जाणून घ्यायचं असेल तर ज्याला 'फाइन' म्हणून सुटता येणार नाही असा प्रश्न विचारा. जेवलास का? झोप झाली का? आज कुणाशी बोललीस? असे प्रश्न विचारायची सवय आपल्या घरांत आहेच. ती चॅटवर आपण विसरतो.

तर आठवडाभराचा गृहपाठ: फाइन ऐकलात की आधी तो कुठे बसलाय ते बघा. कामाबद्दल असेल तर थेट विचारा, "यात काय सुधारू?" आणि मित्राकडून आला असेल, तर अंगठा पाठवू नका, फोन करा.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत जेवून घ्या, बरं का!