जुनी पिकअप : मिस्त्रीला भाग नव्हे, लक्षण सांगा

तळेगाव ढमढेरे येथून पहाटे माल भरून निघालेली पिकअप शिक्रापूरला पुणे-नगर रस्त्याला लागते. पुढे सणसवाडी, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली अशी गर्दी. या रस्त्यावर गाडी बंद पडली तर बाजारभाव हातचा जातो. ब्रेक लागला नाही तर जीव जातो. जुन्या टाटा 207 किंवा तशाच डिझेल गाडीवर धंदा करणारे आपले अनेक बांधव गॅरेजमध्ये जाऊन "बॅटरी बदला", "क्लच टाका" असे सांगून मोकळे होतात. पैसे जातात, दोष तसाच राहतो. त्याऐवजी दहा मिनिटे स्वतः तपासावे आणि मिस्त्रीला लक्षण सांगावे.

गाडी सुरू होत नाही

चावी फिरवताना हेडलाइट लावा. नुसता 'टक्' आवाज येऊन दिवे मंद झाले, तर प्रथम बॅटरी व तिची जोडणी पाहा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर साफ करा, इंजिन व चासीमधील अर्थिंगची पट्टी घट्ट करा. भरलेली बॅटरी काही तास विश्रांतीनंतर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना ती 9.6 च्या बरीच खाली गेली, तर बॅटरी दमली असे समजावे. दिवे लख्ख राहूनही स्टार्टर फिरत नसेल, तर दोष स्टार्टर, सोलेनॉइड किंवा वायरिंगमध्ये.

स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही? मग डिझेलकडे वळा. फिल्टर तुंबला असेल, त्यात पाणी असेल किंवा लाइनने हवा घेतली असेल. हातपंपाने हवा काढल्यावर गाडी सुरू झाली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, तर एखादा पाइप वा वॉशर हवा ओढत आहे. रोज पंप मारणे हा इलाज नव्हे.

क्लच की गिअरबॉक्स?

चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतो. प्लेट बदलण्यापूर्वी पेडलची ढील पाहा. ढील नसेल तर नवी प्लेटही लवकर जळेल. इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, बंद केल्यावर सहज पडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. चालता चालता गिअर निसटत असेल, तर मात्र लिंकेज वा गिअरबॉक्स तपासावा. क्लच दाबल्यावरच घरघर येत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा.

ब्रेक : येथे उधारी नको

पेडल मऊ लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर मागचे ब्रेक सैल झालेले असू शकतात. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचा दोष. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर किंवा हबचे सील तपासून घ्या.

बूस्टरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत मारा, पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक. नाही गेले तर बूस्टर, त्याचा पाइप वा व्हॅक्यूम पंप तपासा. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल कधीही टाकू नका. रबर फुगून सगळी यंत्रणा निकामी होते.

सुरू न होणारी गाडी दारात उभी राहते, नुकसान दिवसाचे होते. न थांबणारी गाडी भरलेल्या मालासह दुसऱ्याच्या अंगावर जाते. म्हणून हातात एकाच कामापुरते पैसे असतील, तर ते आधी ब्रेकवर खर्च करावेत. फिटनेसचा दाखला मिळाला म्हणजे ब्रेक वर्षभर चांगले राहतील असेही नाही.

हिशेबाच्या वहीत एक पान गाडीचे ठेवा : तारीख, किलोमीटर, लक्षण आणि केलेले काम. ते पान मिस्त्रीसमोर ठेवले, की अंदाजाने भाग बदलण्याचा खर्च बराच वाचेल.