पडद्यावरचा रुग्ण आणि आपली भाकरी

२०२० च्या टाळेबंदीत कॉलेजं बंद पडली आणि बराचसा अभ्यास घरी, पडद्यावर आला. आहारशास्त्रात तर काल्पनिक रुग्णावरही सराव करता येतो. त्याचे रिपोर्ट पाहून आहार आपण ठरवायचा. नांदेड-लातूरकडे तुमची लेक किंवा सून असा सराव करीत असेल, तर मैत्रिणींनो, एवढं कराच.

तिची वेळ ठरवून द्या. वॉर्डात गेलेल्या सुनेला चहा टाकायला कोणी हाक मारीत नाही ना?

तयार उत्तर पाहण्याआधी तिने स्वतःचा तक्ता लिहावा, मग ताडून पाहावा.

जाऊबाईंना रुग्ण करून विचारावं, “काल सकाळपासून काय काय खाल्लंत?” भाकरीचं पीठ, वरणाची वाटी मोजून घ्यावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थ आहेत. १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिनं सुमारे १० ग्रॅम. मधुमेही आजींना ओट्स लिहून दिले, तर कागद पिशवीतच राहायचा!

हे तास प्रशिक्षणात धरतात का, ते कॉलेजात आधीच विचारावं. पडद्यावरचा रुग्ण रुसत नाही, पैशाची अडचण लपवीत नाही. म्हणून दवाखान्यातले दिवस चुकवू नयेत. मात्र चुकायचं ते इथेच चुकून घ्यावं; इथे कुणाची साखर वाढत नाही.