जामीनदाराचा सातबारा पाहिला का?

घरातल्या कर्त्या माणसाचा इंतकाल झाला की बँकेतल्या ठेवीचा प्रश्न उभा राहतो. नॉमिनी नसेल तर बँक बऱ्याचदा न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट मागते. थोरला भाऊ अर्ज करतो, बहिणी सही करतात. त्या सहीआधी जामीनखत पाहून घ्यावे, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

समजा, जळगावच्या एका गृहस्थांनी १६ लाखांची ठेव मागे ठेवली. वारस म्हणजे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. आईवडील हयात नाहीत, कर्ज नाही, वसीयत नाही. शरीअतप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा २ लाख, मुलाचे ७ लाख आणि प्रत्येक मुलीचे साडेतीन लाख. प्रमाणपत्र एकट्या मुलाच्या नावे निघाले, तर १६ लाख त्याच्या हाती येतील. त्यातले ९ लाख इतरांची अमानत आहे. बँकेने सद्भावनेने त्याला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपली. पुढे पैसे खर्च झाले, तर धुळ्यात दिलेल्या बहिणीने बँकेत खेटे घालून उपयोग नाही.

यासाठीच भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३७५ मध्ये जामिनाची तरतूद आहे. मिळालेल्या रकमेचा हिशेब देईन, हक्कदाराची भरपाई करीन, असे अर्जदार जामीनदारासह लिहून देतो. हक्काचा वाद गुंतागुंतीचा असूनही प्रमाणपत्र द्यायचे असेल, तर न्यायालयाला जामीन घ्यावाच लागतो. एरवी तो घ्यायचा की नाही, हे न्यायालय ठरवते. म्हणून मुदतीत बोलणे महत्त्वाचे.

जामीनदाराच्या नावावर जमीन आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. रावेर-यावलकडची केळीची जमीन कितीही मोलाची असली, तरी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असू शकतो. जमीन चार भावांची सामाईक असेल, तर जामीनदाराचा हिस्सा किती? शहरातले घर असेल, तर प्रॉपर्टी कार्ड कोणाच्या नावे आहे? यंत्रमागासारखी वस्तू तर विकली किंवा हलवली जाऊ शकते. तहसीलचा ऐपतीचा दाखला केव्हाचा आहे, हेही पाहावे.

जामीन अपुरा वाटला, तर त्याच न्यायालयात लेखी हरकत द्यावी. बोजा वजा जाता किती ऐपत उरते आणि इतर वारसांचा हिस्सा किती, हे आकड्यांत मांडावे व उतारे जोडावेत. दुसरा जामीनदार मागता येतो, किंवा आपला हिस्सा न्यायालयात जमा व्हावा अशी विनंती करता येते. भावाने शब्द मोडलाच, तर न्यायालयाकडून जामीनखत आपल्या नावे करून घेऊन त्यावर दावा लावता येतो. पण जामीनदार पोकळ असेल, तर दावा जिंकूनही हाती काय येणार?

अर्ज मय्यत जिथे राहत होते तिथल्या न्यायालयात चालतो. त्यामुळे धुळ्याच्या बहिणीला जळगाव गाठावे लागेल. खर्चाची भीती असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि सही करताना मजकूर वाचावा. ‘प्रमाणपत्राला हरकत नाही’ आणि ‘माझा हिस्सा सोडला’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. जामीन मागितल्याने भाईजानवर अविश्वास होत नाही. देण्याघेण्याचे लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, ही शिकवण आपल्याला कुरआननेच दिली आहे.