तांबडे लुगडे काळे कसे झाले?

समजा, १८६५ साली आंबागडच्या एखाद्या आजींचा फोटो काढला. लुगडे तांबडे, कपाळी ठसठशीत कुंकू. फोटोत मात्र दोन्ही काळी! असे का?

तेव्हा फोटोच्या काचेवर कलोडियनचा ओला थर असे, त्यात सिल्व्हर आयोडाइड. आर्चरची ही रीत १८५१ सालची. या क्षारावर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम झटकन होतो, तांबड्याचा जवळजवळ नाहीच. म्हणून निळीत रंगवलेले कापड फिकट येई, तांबडे काळे.

विल्यम जॉन्सनने १८६३ व १८६६ साली मुंबईतील जातिजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. जुन्या वेशभूषेचा पुरावा म्हणून ते पाहिले जातात. (मागचे देखावे पुष्कळदा दुसऱ्याच फोटोतून जोडलेले!) त्यांतले गडद लुगडे काळेच होते असे कोणी म्हणाले, तर त्याला निळा जिलेटिन कागद द्या आणि त्यातून तांबडी जास्वंद पाहायला सांगा.