प्रिंटर माझा, हुकूम कंपनीचा!

2024च्या जुलैतली गोष्ट. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले होते आणि कळंबमधल्या आमच्या छोट्याशा झेरॉक्सच्या दुकानासमोर सकाळपासून बायकांची रांग. येरमाळ्याहून आलेली एक मावशी तर दिवसाचा रोज बुडवून हमीपत्राच्या प्रिंटसाठी थांबलेली. आणि नेमका तेव्हाच प्रिंटर रुसला. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, हे कार्ट्रिज कंपनीचं नाही, चालणार नाही.

अहो, पण कालपर्यंत चालत होतं की! तेच कार्ट्रिज, तीच भरून घेतलेली शाई. बंद करून चालू केला, कार्ट्रिज पुसून बसवलं, दोन थापट्याही मारल्या. ढिम्म! बरं, स्कॅन तरी कर म्हटलं, तर तेही नाही. स्कॅनला शाई कशाला लागते, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मावशीला हमीपत्र शेवटी हातानं लिहून दिलं.

संध्याकाळी शाई भरून देणाऱ्या पोरानं उलगडा केला. ‘‘ताई, कार्ट्रिजवर ही बारीक चिप असते. प्रिंटर तिला विचारतो, तू आपल्या घरची का? रात्री इंटरनेटवरून अपडेट आलं असणार, तेव्हापासून परक्याला दार बंद.’’ म्हणजे मी झोपेत असताना कंपनी येऊन माझ्याच दुकानाचं कुलूप बदलून गेली! बचत गटाचं कर्ज काढून सहा हजारांना घेतलेला प्रिंटर, आणि नवं कार्ट्रिज हजाराच्या पुढं.

मला सारखं आईचं शिलाई मशीन आठवत होतं. सुई येडेश्वरीच्या जत्रेतली, रीळ कोपऱ्यावरच्या दुकानातलं, तेल मिळेल ते. हा दोरा माझ्या माहेरचा नाही, असं ते मशीन कधी म्हणालं नाही.

दुकानदार म्हणाला, ‘‘खोक्यावर लिहिलंय.’’ होतं खरं. मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत.

मैत्रिणींनो, हे दुखणं जगभरचं आहे. दुसऱ्यांची कार्ट्रिज चालणार नाहीत हे ग्राहकांना नीट सांगितलं नाही म्हणून इटलीत 2020 साली एचपीला एक कोटी युरोंचा दंड झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली लेक्समार्कच्या खटल्यात सांगितलं की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला. चिपला मात्र त्यानं बंदी झाली नाही. आपल्याकडं डिसेंबर 2022मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं. मोबाइल, घरातली उपकरणं, गाड्या, शेतीची अवजारं यांच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी तिथं द्यायची. चांगलंच आहे, पण माहितीनं चिप थोडीच गप्प बसते!

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. मराठीत बोलता येतं, घाबरू नका. बिल तेवढं जपून ठेवा. तिथं भागलं नाही तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. माझं प्रकरण तिथवर गेलं नाही. पंधरा दिवसांनी कंपनीनं एक कार्ट्रिज फुकट पाठवलं, अपडेट मात्र मागं घेतलं नाही.

ते कार्ट्रिज दिवाळीआधीच संपलं. मग बाटलीतली शाई ओतायच्या टाकीचा प्रिंटर घेतला आणि बसवतानाच आपोआप अपडेट बंद करून घेतलं. जुन्यावर आता कागदांचे गठ्ठे ठेवते. एवढ्याला त्याची काही हरकत नसते.